रोज दहा मिनिटं

जुनी गाडी बघायला जाणं आणि मुलगी बघायला जाणं यात फारसा फरक नाही, असं आमचे मेस्त्री म्हणायचे. दोन्हीकडे आदल्या दिवशी धुऊनपुसून ठेवतात, दोन्हीकडे चहापोहे मिळतात आणि खरी भानगड काय ती घरी आणल्यावरच कळते. मेस्त्री म्हणजे माझा नवरा, गजानन. चौक-कर्जत रस्त्यावर आमचं गॅरेज आहे. अख्खा तालुका त्यांना गजा मेस्त्री म्हणायचा, म्हणून मीही मेस्त्रीच म्हणायला लागले. जुनी गाडी घेणारे लोक मेस्त्रींना सोबत न्यायचे आणि मेस्त्री मला न्यायचे. इंजिन ते बघायचे, आतलं मी बघायचे. पायाखालचा गालिचा उचलून वास घ्यायचा. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढायचा. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या शेवटच्या वीतभरात गाळ राहतो, कारण धुणारा तिथपर्यंत ओढतच नाही. ही युक्ती माझी आहे, मेस्त्रींची नाही. ती वीस वर्षं त्यांनी स्वतःच्या नावावर खपवली ते सोडा.

आषाढात मेस्त्री गेले. आंघोळ करून आले, छातीत जळजळतंय म्हणाले, ओवा मागितला. मी डब्यातून ओवा घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता सात महिने झाले. मी रडले नाही. दहाव्याला नाही, बाराव्याला नाही, दिवाळीला सुद्धा नाही. बायका म्हणाल्या, छाया घट्ट आहे हो. घट्ट कसली! दात काढताना सुई दिल्यावर गाल बधिर होतो ना, तशी मी झाले होते. जीभ चावली तरी कळत नाही. सकाळी गॅरेज उघडायचं. धाकलू हा मेस्त्रींच्या हाताखाली पंधरा वर्षं काढलेला कारागीर, तो गाड्या उघडायचा, मी त्याला पार्ट आणून द्यायचे. दुपारी भाकरी खायची, रात्री झोपायचं. धाकटा दीर ऋषिकेश दर रविवारी येऊन म्हणायचा, वैनी, गाळा भाड्यानं देऊन टाक, बाईमाणसाच्या जिवावर गॅरेज चालतं काय. मी 'बघू' म्हणायचे. भांडायचीसुद्धा इच्छा नव्हती, आणि मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की हे फारच झालं.

माघात संतोष ठोंबरेचा फोन आला. हा शेलूचा. शेलूत इमारती उठल्या तशी याने शेती सोडली आणि लग्नांना गाड्या भाड्याने द्यायचा धंदा धरला. त्याच्या तिन्ही गाड्या मेस्त्रींनीच बघून दिलेल्या.

"वैनी, कोंडाण्याला एका बंगल्यावर गाडी हाय. परदेशी कंपनीची, मोठी, काळी. नवरदेव त्यातनं उतरला ना, तर पोरीचा बाप पन पाया पडंल. एकच मालक. फक्त एकतीस हजार किलोमीटर चाललेली. तुमी येता काय बघायला?"

"मी? धाकलूला ने की."

"धाकलू पाना चालवतो वैनी, बघन्यातलं त्याला काय कळत नाय. मेस्त्री म्हनायचे, आमच्या घरात नाक छायाचं हाय. या तुमी. तुमी पास म्हनलात तर पास."

मी हो म्हणाले. आनंद झाला असं नाही, पण एवढं कळत होतं की संतोषच्या तीन गाड्या आमच्याकडे येतात आणि त्याच्या तोंडामुळे आणखी वीस-पंचवीस येतात. माझा शब्द एकदा खरा ठरला तर गॅरेज टिकेल आणि चुकला तर रविवारी ऋषिकेशला भाडेकरू घेऊन यायला मोकळीक.

आमच्या भागातल्या लोकांचा एक ठाम समज आहे. फार्महाऊसवर उभी असलेली गाडी म्हणजे लॉटरी. मुंबईचा मालक शनिवार-रविवार येतो, गाडी शेडमध्ये, ऊन नाही पाऊस नाही, काटा कमी फिरलेला. अरे बाबांनो, गाडी म्हणजे काय पैठणी आहे, पेटीत ठेवली की नवी राहील? उभ्या गाडीचे टायर एका जागी बसून चपटे होतात, रबराच्या चकत्या सुकून तडकतात, ब्रेकच्या थाळ्यांना गंज धरतो आणि भाताच्या खाचरातले उंदीर आत संसार थाटून वायरी खातात. पण हे सांगायला गेलं की लोक काट्यावरचा आकडा दाखवतात.

शनिवारी सकाळी आठला निघालो. संतोष वाटेत बोलत होता, मी खिडकीबाहेर बघत होते. भात कापलेल्या खाचरांतून वाल उभा होता, आंब्यांना मोहोर आला होता. मोहोराचा वास मला दरवर्षी आवडतो. यंदा वास येत होता, एवढंच.

बंगला गावाच्या अलीकडे, मोठ्या आवाराचा. फाटक जैतूदादाने उघडलं. तो साठीच्या पुढचा, आदिवासी वाडीवरचा ठाकूर. तो आणि त्याची बायको सोमीमावशी गेली सतरा वर्षं बंगल्याची राखण करत होते आणि आवाराच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होते. मी त्यांना आधीपासून ओळखत होते. बंगल्याचे मालक कर्णिकसाहेब येत होते तोवर मेस्त्रींचं तिथे जाणंयेणं होतं, परतताना सोमीमावशी करवंदं नाहीतर रानभाजी बांधून द्यायची.

"आलीस बाय," ती म्हणाली. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि पुढे काही बोलली नाही. तेवढ्यासाठी मी तिची ऋणी आहे, कारण लोक फार बोलतात.

कर्णिकसाहेब अडीच वर्षं आजारी होते, त्या काळात बंगल्यावर फिरकले नाहीत, आणि दिवाळीआधी वारले. आता त्यांची मुलगी मृणालताई सगळं आवरायला आली होती. बाई चाळिशीची, सरळ, थोडी घाईतली. तिने सांगितलं की बंगला ती विकणार नाही, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्याने देणार, जैतू आणि सोमी आहेतच बघायला. गाडी मात्र काढायची आहे.

"बाबांची फार लाडकी होती. टापटीप ठेवली आहे," ती म्हणाली. संतोषला घेऊन ती कागद दाखवायला वर गेली आणि मी शेडमध्ये गेले.

गाडी खरंच देखणी होती. जैतूदादाने तिला आरशासारखी पुसली होती, पुढच्या जाळीत जास्वंदीचं ताजं फूल खोवलं होतं. मी सवयीने पहिला हात बॉनेटवर ठेवला. मेस्त्रींचा हा पहिला नियम. गाडी बघायची तर गार असताना बघायची. गार इंजिन चालू केल्यावर पहिले तीन सेकंद ते खरं बोलतं. आतली साखळी सैल असली तर तेव्हाच खडखडते, तेल वर चढलं की गप्प बसते. म्हणून भामटे लोक गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी गरम करून ठेवतात.

बॉनेट कोमट होतं.

"जैतूदादा, गाडी चालू केली व्हतीस काय सकाळी?" मी विचारलं. आवाज जरा चढला असावा, कारण तो गोंधळला.

"केली ना वैनी. रोजच करतो. सात वाजता, धा मिनटं."

"रोज?"

"रोज! एक दिस चुकला नाय. साहेब आजारी पडले तवापासनं. पावसात बी नाय चुकलो. माज्या भावाची मयत व्हती त्या दिशी पन सोमीला चावी फिरवायला लावली." हे तो छाती काढून सांगत होता.

"आनि चालवली कोणी?"

"चालवतो कोन? मला कुठं येतं? नुसती चालू करायची, धा मिनटं मोजायची, बंद करायची."

मी बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी बाहेर काढली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर होतं. इंजिनातलं तेल कमी होत जातं, वाढत नाही. वाढलं तर त्यात दुसरं काहीतरी शिरलेलं असतं. बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ, नाकाशी नेलं तर सरळ डिझेलचा वास. तेल भरायचं झाकण उघडलं तर आतून सायीसारखा पिवळट थर. मी ते झाकण हातात धरून उभी राहिले. गाडी चालवली तर इंजिन नीट तापतं, आतला ओलावा उडून जातो. नुसती दहा मिनिटं घुरघुरत ठेवली की ते अर्धवट तापतं, आत पाणी सुटतं, न जळलेलं डिझेल तेलात उतरतं, आणि धुराच्या नळीत काजळी अडवणारी जी जाळी असते ती तुंबत जाते. जुन्या जीपला याने काही होत नाही, तिला अशी जाळीच नसते. या नव्या गाड्यांना हे रोजचं विष आहे. जवळजवळ तीन वर्षं, रोज सकाळी सात वाजता, न चुकता.

गाडी चालू केली. समोरच्या पट्टीवर काजळीचा पिवळा दिवा लागला आणि विझलाच नाही.

"हा दिवा कधीपासून हाय?"

"लय दिस झाले. मला वाटलं, गाडी बरी हाय म्हनून लागतो. देवासमोर लावतो तसा." तो हसला, मग माझं तोंड बघून थांबला.

मी गाडी आवाराबाहेर काढली. पाय पूर्ण दाबला तरी ती बैलगाडीसारखी चालली. ब्रेक लावला की गंजलेल्या थाळ्या कुरकुरत होत्या. या गाडीत स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या असतात. मागची डावी पिशवी गळत होती, परत आणून उभी केली तर बघता बघता एक कोपरा खाली बसला. त्या पिशव्या बदलता येतात. थाळ्याही बदलता येतात. इंजिन मात्र आतून झिजलेलं होतं. तेलाच्या जागी डिझेल फिरत असेल तर कुठलंही इंजिन झिजतं.

उतरले तेव्हा जैतूदादा तिथेच उभा होता.

"बिघडली काय वैनी?"

"हां."

"माज्या हातून काय झालं काय?"

"रोज चालू करायला तुला कोणी सांगितलं व्हतं, दादा? साहेबांनी?"

"साहेबांना काय ठावं? साहेब फोनवर म्हनले, मेस्त्रींना इचार आनि ते सांगतील तसं कर." तो थोडा थांबला. "मेस्त्रींनीच सांगितलं."

मी खाली, टायरकडे बघत राहिले. खोटं वाटलं नाही, कारण हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलेलं होतं. मेस्त्री जीपवर शिकले. आमच्या पावसात जीप चार दिवस उभी राहिली की बॅटरी मरते, म्हणून जुन्या मेस्त्र्यांचा मंत्र एकच, रोज दहा मिनिटं चालू ठेव. मेस्त्री तो मंत्र सगळ्यांना द्यायचे. कोंडाण्यापासून खालापुरापर्यंत जेवढे बंगले, तेवढे राखणदार आणि तेवढ्या गाड्या. दारात आलेल्याला पाणी द्यावं तसा फुकट सल्ला. किती गाड्या मारल्या असतील त्यांनी, देव जाणे. तेव्हा मला धक्का बसायला हवा होता. बसला नाही. डोकं मात्र चालत होतं. गॅरेजवर पाटी 'गजानन मोटर्स' अशी आहे, संतोष गजा मेस्त्रींच्या नावावर मला इथे घेऊन आला आहे, एवढा हिशोब डोक्याने लगेच केला.

वरून संतोष आणि मृणालताई उतरले. संतोषने गाडीवर हात ठेवला होता, जणू ती त्याचीच झाली.

"काय वैनी? पास ना? अक्षय तृतीयेचं लग्न पकडलंय मी. फोटोसुद्धा पाठवला पार्टीला."

"घेऊ नको."

"काय?"

"इंजिन गेलेलं हाय. घेऊ नको."

"वैनी, थोडंफार असंल तर करून घेऊ की. मेस्त्री असते तर..." तो थांबला. पुढचं वाक्य त्याने गिळलं तरी मला ऐकू आलं. मेस्त्री असते तर पास केली असती.

मृणालताईला ते पटेना. आणि का पटावं? "अहो ताई, एकतीस हजार चाललेली गाडी आहे. आजारी पडेपर्यंत बाबांनी दर वर्षी सर्व्हिसिंग केलं. जैतू रोज काळजी घेतो. इंजिन जाईल कसं?"

मग मी सांगितलं. पट्टी काढून दाखवली, झाकणातला थर दाखवला, पिवळा दिवा दाखवला. रोज दहा मिनिटं नुसती चालू ठेवल्याने काय होतं ते जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं सांगितलं. बाई हुशार होती, तिला एका खेपेत कळलं. आणि कळल्यावर तिने मान वळवून जैतूदादाकडे बघितलं.

"रोज चालू करत होतास? न चालवता? कोणी सांगितलं तुला?"

जैतूदादाने माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे.

"कोनी नाय ताई. माजंच मी केलं. मला वाटलं, उभी हाय, चालू केलेली बरी."

"तुला गाडीतलं काही कळत नाही, मग हात कशाला लावायचा? बाबांची गाडी होती ती!" तिचा आवाज फाटला. बाप जाऊन चार महिने झालेल्या बाईचा आवाज होता तो, गाडीच्या मालकिणीचा नव्हता. पण बोलली ती मालकिणीसारखी. "उद्या पाहुणे येतील, पाण्याचा पंप आहे, गॅस आहे, विजेचं सगळं आहे. तुझ्यावर बंगला कसा सोडायचा मी? मला दुसरी माणसं बघावी लागतील."

सोमीमावशी मागे ओट्याशी वाल सोलत बसली होती. तिचे हात थांबले. सतरा वर्षं त्या दोन खोल्यांत काढलेली माणसं, वाडीवरचं घर केव्हाच मोडलेलं.

आणि मी गप्प राहिले. किती वेळ ते सांगत नाही, पण राहिले. जैतूदादाने स्वतः होऊन माझ्या मेलेल्या नवऱ्याचं नाव झाकलं होतं. मी तोंड मिटून गाडीत बसले असते तर मेस्त्री मेस्त्री राहिले असते, पाटी पाटी राहिली असती. आज आठवलं की लाजेने कान गरम होतात. तेव्हा लाजही वाटली नव्हती. मला फक्त दिसत होतं की जैतूदादाच्या बोटांना अजून गाडी पुसायचं फडकं गुंडाळलेलं आहे आणि तो ते सोडवायचं विसरला आहे.

"माझ्या नवऱ्याने सांगितलं," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"गजानन मेस्त्रींनी. रोज दहा मिनिटं चालू कर असं त्यांनीच याला सांगितलं. तुमच्या बाबांनी मेस्त्रींना विचारायला लावलं होतं, याने विचारलं, आणि सांगितलं तसं केलं. चूक आमची आहे. याची काही चूक नाही."

"वैनी!" संतोष हळू आवाजात म्हणाला. "काय बोलता तुमी? मेस्त्री असं सांगतील?"

"नाय, नाय," जैतूदादा पुढे आला. "वैनी माजी कीव करून बोलते, ताई. मेस्त्री असं बोललेच नाय. ते देवमानूस. त्यांनी माज्याकडनं एक रुपाया कदी घेतला नाय. मीच केलं, मी सांगतो ना!"

"दादा, गप."

"तुमी गप बसा वैनी. मेल्या मान्साला कशाला मधी आनता?"

मृणालताई एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. कोणाचं खरं धरावं तिला कळेना, आणि तिचा तरी काय दोष? एक बाई येते, नवऱ्याची चूक म्हणते. ज्याचं घर जायची वेळ आली आहे तोच म्हणतो, नाही, चूक माझीच. असं भांडण मी जन्मात पाहिलं नव्हतं.

ते मिटवलं सोमीमावशीने. ती उठली, मांडीवरची सालं झटकली, खोलीत गेली आणि मोबाइल घेऊन आली. आजारात झाडं आणि घर फोनवर बघता यावं म्हणून कर्णिकसाहेबांनी जैतूदादाला घेऊन दिलेला मोठा मोबाइल. जैतूदादाला वाचता येत नाही, म्हणून सगळे त्याला निरोप आवाजात भरून पाठवायचे.

"तू मोठा सत्यवान झालायस रं," ती नवऱ्याला म्हणाली. "वैनी खरं बोलते आनि तू खोटं. म्हातारपनी मला कुठं नेऊन ठेवतोस, सांग की." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, तुला तरास व्हईल. ऐकशील ना?"

काय ते मला कळलं नाही. मी मान हलवली. कशाने त्रास होणार होता मला? सात महिन्यांत झाला नव्हता.

तिने बोट लावलं.

"ए जैतू, ऐक रं." मेस्त्रींचा आवाज. मोठा, घाईतला, फोन नेहमीसारखा तोंडाच्या फार जवळ धरलेला. "गाडी नुसती उभी ठेवू नको. रोज सकाळी धा मिनटं चालू कर. बॅटरी बसत नाय मंग. चुकायचं नाय."

आणि मागून, भांड्यांच्या आवाजातून, एक बाई ओरडली. "अहो, रोज कशाला? ती काय तुमची जीप हाय? नुसती चालू ठेवून खराब व्हईल. आठवड्यातनं एकदा फिरवा म्हनावं."

"त्याला कुठं चालवता येते?"

"मंग तुमी जा फिरवायला."

"हां, मला दुसरं कामच नाय! जैतू, तू हिचं ऐकू नको. ही सीटचे वास घेती, हिला इंजिनातलं काय कळतंय?" मग ते हसले. "तू चहा टाक गं."

"टाकते. साखर कमी टाकीन."

तिथे ते संपलं.

ती बाई मीच. इतक्या ठसक्यात भांडणारी. मला हे बोलणं अजिबात आठवत नव्हतं. कसं आठवणार? आमच्या घरात असं दिवसाला दहादा व्हायचं.

"म्हंजी वैनी," संतोष सावकाश म्हणाला, "तुमाला तवाच कळलं व्हतं! मेस्त्रींना नाय आनि तुमाला कळलं व्हतं! आता कुठली पन गाडी असूं दे, तुमाला घेतल्याशिवाय मी जायाचा नाय." त्याच्या आवाजात मान होता. मृणालताईने डोळे पुसले. ती जैतूदादाजवळ गेली. "दादा, मला काय माहीत? तुम्ही सांगितलं तसंच केलंत. कुठे जायचं नाही तुम्ही दोघांनी."

म्हणजे जैतूदादाची खोली राहिली, माझं गॅरेज राहिलं, आणि वर मी खरी ठरले. वीस वर्षांच्या भांडणांत पहिल्यांदा, चार साक्षीदारांसमोर, मी मेस्त्रींना हरवलं होतं, आणि मला ते अजिबात नको होतं. मी चुकलेली निघाले असते आणि ते समोर उभे राहून 'बघ, सांगितलं होतं ना' म्हणाले असते, तर मी ते मुकाट ऐकून घेतलं असतं.

जैतूदादाने सोमीमावशीच्या हातातून मोबाइल घेतला. त्याचं तोंड पडलं होतं.

"वैनी, मी हे काढून टाकतो," तो म्हणाला. "उगाच कोनाच्या कानावर नको जायाला. मेस्त्रींचं नाव खराब व्हायाचं." आणि त्याने अंगठा काचेवर ठेवला.

"हात लावशील तर खबरदार!"

मी इतक्या जोरात ओरडले की शेडवरचे कावळे उडाले. मोबाइल मी त्याच्या हातातून ओढून घेतला आणि पोटाशी धरला. मग मी तिथेच, त्या काळ्या गाडीच्या खाली बसलेल्या कोपऱ्याला टेकून जमिनीवर बसले आणि सात महिन्यांचं सगळं एकदम वर आलं. मला त्यांचा राग आला होता. माझं ऐकलं नाही म्हणून, गाड्या मारल्या म्हणून, ओवा आणेपर्यंत थांबले नाहीत म्हणून. मी त्यांना शिव्या देत होते आणि रडत होते, आणि कोण बघतंय याची मला पर्वा नव्हती. सोमीमावशी शेजारी बसली. तिने माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

थोड्या वेळाने मी मोबाइल जैतूदादाकडे दिला. मला त्यातलं काही लावता येत नव्हतं, डोळ्यांपुढे पाणीच पाणी होतं.

"पुन्हा लाव," मी म्हणाले.